नापास झालेलं वादळ

बंदराच्या टोकाला आता मोबाइलचा मनोरा उभा आहे. त्या जागी पूर्वी लाकडी खांब होता, असं नव्या पोरांना सांगितलं तर ती मान डोलावतात आणि पुन्हा फोनमध्ये डोकं खुपसतात. खुपसू देत. त्यांचं वादळ दोन दिवस आधीच खिशात येऊन टणटण करतं, त्यांना खांबाचं काय कौतुक असणार?

पण कौतुक करण्यासारखा होता तो खांब. चांगला तिमजली उंच. त्याला आडवी काठी, काठीला दोऱ्या, आणि दोऱ्यांना टांगायचे ते काळे बावटे. नाव बावट्याचं असलं तरी ते झेंड्यासारखे फडफडायचे नाहीत. वेताच्या सांगाड्यावर काळं किंतान ताणून केलेल्या, माणसाच्या कमरेइतक्या उंचीच्या टोप्याच म्हणा ना. एक नंबरचा बावटा दिसला की समजायचं, लांब समुद्रात काहीतरी शिजतंय. तीन नंबरचा चढला की होडी काढायची नाही. काढतो म्हटलं तरी बंदराचा पोलीस काढू द्यायचा नाही. हे बावटे चढवायचं आणि उतरवायचं काम ज्यांनी चौतीस वर्षं केलं, त्यांना सगळं बंदर बावटेकाका म्हणायचं. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तेवढंच.

काका जन्मले होडीवाल्याच्या घरात. वडील होडीवर, आजोबा होडीवर, त्यामुळे काकांनीही तेच करायचं हे न बोलता ठरलेलं होतं. पण एकोणिसाव्या वर्षी त्यांचा डावा घोटा होडी आणि धक्क्याच्या मध्ये सापडला. पाय जुळला, पण वाकडा जुळला. हलत्या फळीवर तोल राहीना. मग वडिलांनी कुणाकुणाचे उंबरे झिजवून हवामानाच्या कचेरीत चिकटवून दिलं. गंमत अशी, की हलत्या फळीवर डुगडुगणारा हा माणूस शिडीवर मात्र खारीसारखा सरसर जायचा. काकू म्हणायच्या, "जमिनीवर सोडून सगळीकडे नीट चालता तुम्ही."

होडीचं सुकाणू मग गेलं धाकट्याकडे. काकांचा पाठचा भाऊ, पाच वर्षांनी लहान. अंगानं आडवा, आवाजानं त्याहून आडवा. सगळे त्याला धाकटाच म्हणायचे, त्याला मुलगा झाला आणि त्या मुलाला मिसरूड फुटलं तरी तो धाकटाच. दोघा भावांत बोलणं फार नव्हतं. रोज सकाळी होडी सोडताना धाकटा खालून ओरडायचा, "दादा, काय म्हणतंय?" काका खांबाच्या ओट्यावरून हात हलवायचे. झाली हवामानाची बातमी. दुसरी कुठली त्या घराला लागत नव्हती.

आणि खरं सांगायचं तर खांबाकडे बघत कोण होतं? लोक बघायचे काकांकडे. काका चपला घालून शिडी चढले, की लोक म्हणायचे, वरून हुकूम आलाय, चढवतायत बिचारे. काकांनी चपला काढून शिडीखाली जोडून ठेवल्या, की काकांना स्वतःलाच वादळ खरं वाटतंय असं समजून जो तो मुकाट्यानं जाळी आवरायला लागायचा. काकांना स्वतःला याचा कित्येक वर्षं पत्ताच नव्हता. कळलं तेव्हा भलतीच पंचाईत झाली. त्यानंतर बावटा चढवायच्या आधी, चपला काढू की नको, म्हणून शिडीखाली घुटमळत उभे राहायचे. धक्क्यावरचे लोकही श्वास रोखून काकांच्या पायांकडे बघत राहायचे. काय दिवस होते ते. आठवले की अजून हसू येतं.

कचेरी म्हणजे खांबाच्या पायथ्याची एक खोली. काचेचं टेबल, काचेखाली जुन्या साहेबांनी ठेवलेलं कुठल्याशा डोंगराचं चित्र, काळा फोन, दोन खुर्च्या. त्यातल्या एकीचा पाय आखूड, म्हणून तिच्याखाली घडी घातलेलं पुठ्ठ्याचं झाकण. भिंतीवर हवेचा दाब दाखवणारं गोल घड्याळ. छपरावर वारा मोजायच्या चार वाट्या गरगर फिरायच्या आणि त्यांची कुरकुर दिवसभर खोलीत ऐकू यायची. काकांना ती इतकी अंगवळणी पडली होती, की सुट्टीच्या दिवशी घरात चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

काकांच्या नोकरीला पंचवीसेक वर्षं झाली तेव्हा या खोलीत हवामानबाई आल्या. वय असेल अठ्ठावीस. जाड चष्मा, कानावर पेन्सिल, हातात रजिस्टरांची चळत. काकांना वाटलं, ही पोर इथल्या खाऱ्या वाऱ्यात दोन महिने टिकायची नाही. बाई नऊ वर्षं टिकल्या. दाबाच्या घड्याळावर त्या बोटाच्या पेरानं हलकेच टकटक करायच्या, शेजारणीचं दार वाजवावं तशी, आणि मग काटा कुठे सरकतो ते बघायच्या. चहा बिनदुधाचा प्यायच्या. आखूड पायाची खुर्ची पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःकडे घेतली, हे काका शेवटपर्यंत सांगायचे.

बाईंचं एक म्हणणं होतं. "काका, आपण लोकांना नुसतं हो किंवा नाही सांगतो. बावटा आहे, बावटा नाही. पण आपल्यालाच कुठे नक्की माहीत असतं? जेवढं माहीत आहे तेवढं सगळं त्यांना सांगायला हवं. त्यांचा जीव आहे, त्यांना कळायला नको?"

मोठ्या कचेरीला शंभर पत्रं लिहून बाईंनी परवानगी काढली. खांबाखाली एक फळा लागला. रोज सकाळी बाई हिशेब मांडायच्या आणि काका खडूनं मोठ्ठ्या आकड्यात लिहायचे: आज वादळाची शक्यता इतके टक्के. तीन नंबरचा बावटा मात्र पन्नासच्या वर गेल्याशिवाय आणि मोठ्या कचेरीचा हुकूम आल्याशिवाय चढवायचा नाही, हा नियम तसाच राहिला.

पहिल्या दिवशी काकांनी लिहिलं, पंचवीस टक्के. धक्क्यावरच्या चहाच्या टपरीत हीऽ गर्दी. सगळ्यांना प्रश्न एकच, आणि तो विचारला म्हाताऱ्या जाळेवाल्यानं. हा टपरीच्या कोपऱ्यात बसून दिवसभर लोकांची फाटकी जाळी शिवायचा आणि दिवसभर बोलायचा.

"काका, पंचवीस टक्के म्हणजे किती हो?"

आता काकांना नीट उत्तर माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायला हवं होतं. पण टपरीत पंधरा माणसं कान टवकारून बसलेली, हातात गरम चहा, आणि काकांची जीभ पहिल्यापासून सैल. काका म्हणाले, "मी गणितात बत्तीस मार्क मिळवून नापास झालो होतो. पस्तिसाला पास. आता पंचविसाचं काय ते तुम्हीच बघा."

टपरी हसून हसून लोळली. जाळेवाल्याला ठसका लागला. धाकट्यानं तर उठून सगळ्यांना सांगितलं, "ऐकलंत का, वादळ नापास."

झालं. महिन्याभरात सगळं बंदर तेच बोलायला लागलं. तीसपर्यंत वादळ नापास. चाळीस म्हणजे काठावर पास, जायचं पण कान उघडे ठेवायचे. साठ म्हणजे फर्स्ट क्लास, घरी बसा. एखाद्या वीस टक्क्यांच्या दिवशी मध्येच वाऱ्याचा झपाटा आला, की म्हणायचे, ग्रेस मार्क मिळाले वाटतं. बायका पाण्याच्या नळावर एकमेकींना विचारायच्या, "काय गं, आज पास का नापास?" शाळेतल्या मास्तरांनी एका ढ पोराला वर्गात सांगितलं म्हणे, की तुझ्यापेक्षा वादळाला जास्त मार्क पडतात. काका ज्या गल्लीनं जातील तिथे कुणीतरी हाक मारायचं, "काका, निकाल काय?" आणि काकांची छाती दोन बोटं फुगायची. का फुगू नये? चौतीस वर्षांच्या नोकरीत माणसाच्या बोलण्याचं एवढं कौतुक एकदाच झालं.

आणि वाईट काय चाललं होतं? साठ टक्क्याला खरोखरच एक होडी निघायची नाही. पूर्वी बावटा असला तरी पोलिसाची नजर चुकवून दोघं-तिघं सटकायचे, तेही थांबले. दोन वर्षं सुरळीत गेली.

बाईंच्या कानावर हे पास-नापास उशिरा आलं. त्या आधी इतक्या हसल्या की चहा रजिस्टरावर सांडला. पुसता पुसता त्यांचं हसणं थांबलं.

"काका, तीस टक्के म्हणजे कमी नाही हो."

"पस्तीसच्या आत आहे की."

"मार्क नाहीत ते." बाईंनी खिडकीतून खांबाकडे बोट दाखवलं. "ती शिडी बघा. समजा तुमच्याकडे अशा दहा शिड्या आहेत. त्यातल्या तीन आतून कुजल्यात, पण वरून सगळ्या सारख्याच दिसतात. मी म्हटलं, काका, कुठलीही एक उचला आणि टोकापर्यंत चढा. चढाल?"

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "खुळा आहे का मी?"

"ते तीस टक्के," बाई म्हणाल्या.

दोन वर्षं स्वतःच्या हातानं ते तीस लिहीत होते, खाली धाकटा 'नापास' म्हणून होडी सोडत होता, आणि हे वरून हात हलवत होते.

त्याच दिवशी ते टपरीवर गेले आणि घसा खाकरून म्हणाले, "अरे, ते तीस टक्के म्हणजे तसं कमी नसतं बरं का."

जाळेवाल्यानं सुईवरून नजर न काढता विचारलं, "तुम्हाला बत्तीस होते. कमीच पडले ना शेवटी?"

पुन्हा सगळी टपरी खो खो हसली. काकांनी शिड्यांचं सांगायला सुरुवात केली, तर कुणीतरी म्हणालं, "दहा शिड्या कशाला, काका? सरकारनं एकच दिलीय, तीही जुनी." काका गोंधळले. सगळे हसताहेत म्हटल्यावर स्वतःही हसले. चार दिवसांनी आणखी एकदा प्रयत्न केला, तेव्हा तर त्यांनी तोंड उघडायच्या आधीच लोक हसायला लागले. विनोदी माणूस म्हणून एकदा नाव झालं, की त्याच्या तोंडची खरी गोष्टही विनोदच ठरते.

घरी काकूंना सांगितलं तेव्हा काकू म्हणाल्या, "तुमच्या जिभेला हाड नाही ते नाहीच. बाकीच्यांचं राहू दे. धाकट्या भावजींना तरी बाजूला घेऊन सांगा."

"सांगतो."

"उद्याच सांगा."

"सांगतो म्हटलं ना."

पण धाकट्यासमोर जाऊन, बाबा रे, माझं चुकलं होतं, हे म्हणायचं कसं? लहानपणापासून होडीवर गेला तो, छाती काढून फिरला तो, आणि थोरल्याच्या वाट्याला खडू आला. त्या खडूनं एकदाच धाकट्याला सगळ्यांच्या आधी उठून दाद द्यायला लावली होती. काका रोज म्हणायचे, आज सांगू. जेवायला बसल्यावर सांगू, सुट्टीला भेटू तेव्हा सांगू. असे चार महिने गेले.

त्या दिवशी सकाळी फळ्यावर तीस होते.

बाई पहाटेपासून घड्याळावर टकटक करत होत्या. दोनदा त्यांनी मोठ्या कचेरीला फोन लावला. बावट्याचा हुकूम द्या म्हणाल्या. तिकडून उत्तर आलं, पन्नासच्या आत बावटा नाही, नियम तुम्हाला माहीत आहे. बाईंनी फोन ठेवला आणि खिडकीशी उभ्या राहिल्या.

"काका, आज मला आवडत नाहीये," त्या म्हणाल्या. "पण आवडत नाही हे फळ्यावर लिहिता येत नाही."

काका फळ्यापाशी गेले. तीनाचा आकडा काढला, शून्य काढलं. खाली अकरा होड्या निघायच्या तयारीत. आदले तीन दिवस समुद्र खवळलेला होता, त्यामुळे माणसं घरात बसून आंबून गेली होती. धाकट्यानं दोर सोडला, वर बघितलं, आणि रोजच्यासारखं ओरडला,

"दादा, काय म्हणतंय? नापास ना?"

सगळा धक्का वर बघायला लागला. वीस-पंचवीस चेहरे, सगळे आधीच हसरे. आता काका काहीतरी बोलणार आणि आपण हसणार, असे.

काका ओट्यावर खडू धरून उभे होते. ओट्यापासून धाकट्याची होडी तीस पावलांवर होती. पाय वाकडा धरला तरी चाळीस. खाली उतरायचं, दोर धरायचा आणि म्हणायचं, आज जाऊ नकोस.

"तीस," काका म्हणाले.

खाली हशा पिकला. काका हसले आणि त्यांनी हात हलवला. अकराही होड्या गेल्या.

दुपारी एक वाजता मोठ्या कचेरीचा फोन आला, तीन नंबर चढवा. तेव्हा वारा असा होता की बावटा वर जाईपर्यंत दोरीनं काकांच्या तळहाताची सालं काढली. कुणासाठी चढवत होते ते? ज्यांनी तो बघायचा ते सगळे समुद्रावर होते. धक्क्यावर होत्या त्यांच्या बायका.

चार वाजेपर्यंत दहा होड्या एकेक करत आल्या. धाकट्याबरोबर जाणारा गडी दुसऱ्या एका होडीनं पाण्यातून उचलून आणला. धाकटा आला नाही. त्याची होडी तिसऱ्या दिवशी मोडक्या डोलकाठीसकट मिळाली, तो मिळाला नाही.

मग चौकशी झाली. साहेब लोक आले, फळ्याचा फोटो काढून गेले. तीस टक्के शक्यता वर्तवली होती, रजिस्टरात तशी नोंद आहे, कुणाचीही चूक नाही, असं लिहून झालं. वर्तमानपत्रात आलं, हवामान खात्याचा अंदाज चुकला. त्यावर बाई रडल्या नाहीत, पण दोन दिवस चष्मा काढून बसून होत्या.

एका संध्याकाळी त्या काकांच्या घरी आल्या. काकूंनी पाणी दिलं, ते तसंच हातात धरून म्हणाल्या, "मी तीस म्हटलं होतं, काका. ते बरोबर होतं." स्वतःची बाजू मांडत नव्हत्या त्या. खरंच बरोबर होतं ना, असं विचारत होत्या.

"बरोबरच होतं, बाई," काका म्हणाले. "तुम्ही बरोबर सांगितलं, मी बरोबर लिहिलं. वाचायला चुकीचं शिकवलं, ते मीच."

त्यानंतर बंदरावर पास-नापास कुणी बोललं नाही. त्या शब्दांची जणू शिसारीच बसली. काकांशी कुणी वाईट वागलं नाही, हे सांगायलाच हवं. उलट लोक जास्तच जपायचे, टपरीत उठून जागा द्यायचे. जाळेवाला तर एकदा काकांचा हात धरून गप्प बसून राहिला. त्याच्या तोंडून शब्द न निघण्याची ती पहिलीच वेळ.

पण आता उलटंच होऊन बसलं. फळ्यावर दहा लिहिले तरी होड्या हलेनात. लोक म्हणायचे, दहा म्हणजे येऊ शकतं ना? मग येईलच. पाच लिहिले तरी तेच. लख्ख ऊन, समुद्र ताटातल्या पाण्यासारखा, आणि सगळ्याच्या सगळ्या होड्या धक्क्याला. आठवडा गेला, पंधरवडा गेला, महिना उलटला. बर्फाच्या कारखान्यात बर्फ पडून पाणी व्हायला लागलं. घराघरात माणसं एकमेकांवर खेकसायला लागली. बाई डोक्याला हात लावायच्या. "तेव्हा तिसाला हसले, आता पाचाला घाबरतात. दहा म्हणजे खरंच थोडं असतं हो, काका. ते कसं सांगायचं?"

काकांनी मग एक केलं. फळा लिहून झाला, की टपरीपाशी उभं राहून ते तोच आकडा बोलून दाखवायचे. "असं आभाळ दहा वेळा आलं, तर एकदा वादळ होतं. नऊदा होत नाही." रोज तेच, त्याच शब्दांत. गंमत नाही, टोमणा नाही. कुणी ऐकायचं, कुणी मान फिरवायचं. मग एक होडी निघाली, मग दोन निघाल्या. बंदर हळूहळू ताळ्यावर आलं. पुढे बाईंची बदली झाली, काका निवृत्त झाले. बाई ज्या ज्या गावी गेल्या तिथून त्यांची पत्रं यायची, आणि प्रत्येक पत्रात शेवटी काकांना विचारलेलं असायचं, एखादी गोष्ट लोकांना कशी समजावून सांगावी. काका चार-चार पानी उत्तर धाडायचे. काकू म्हणायच्या, "मेली सगळी अक्कल पोस्टात टाकून येतात." ती पत्रं काकांनी म्हातारपणी पुन्हा पुन्हा वाचली. वाचताना चेहरा असा खुलायचा, की घरातली पोरं मुद्दाम पेटीतून काढून द्यायची.

मधली एक गोष्ट मात्र काकांनी काकूंशिवाय कुणाला सांगितली नव्हती. अगदी शेवटच्या वर्षी, कसं कोण जाणे, बोलून गेले.

ती त्या बंद पडलेल्या दिवसांतली. होड्या निघत नव्हत्या तेव्हाची. धाकट्याचा मुलगा बर्फाच्या कारखान्यात होता, तिथलं काम थांबलं. बापाची मोडकी होडी त्यानं महिनाभर खपून दुरुस्त केली होती, नवी डोलकाठी बसवली होती. एका सकाळी धाकट्याची बायको कचेरीच्या दारात येऊन उभी राहिली. भाऊ गेल्यापासून काका तिच्या नजरेला नजर देत नव्हते. ती आत आली नाही, काकाही उठून बाहेर आले नाहीत. बाई मागच्या बाजूला वाऱ्याचं यंत्र बघत होत्या.

"भाऊजी," ती म्हणाली, "पोरगं जायचं म्हणतंय. कुणीच जात नाहीये, आणि हा म्हणतो मी जाणार. पाठवू?"

नको म्हणणं सोपं होतं. पोरगं घरी राहिलं असतं, आज, उद्या, कायमचं, आणि काकांना झोप लागली असती. पण फळ्यावर दहा होते. त्यांनीच लिहिले होते.

"आज दहा आहेत," ते म्हणाले.

"आकडा नका सांगू मला. मला कळेल असं सांगा."

काका उठले. दारापर्यंत आले. "असं आभाळ दहा वेळा येतं, तेव्हा नऊ वेळा काही होत नाही. एकदा होतं. आजची वेळ ती एकदाची आहे की नाही, हे मला माहीत नाही. बाईंनाही माहीत नाही. आम्हाला इतकंच कळतं. मी असतो तर गेलो असतो, पण दोनच्या आत माघारी फिरलो असतो. वारा दक्षिणेकडून यायला लागला तर त्याच्याही आधी."

ती ऐकत होती. एकेक शब्द कानात साठवून घ्यावा तशी.

"एवढंच?"

"एवढंच."

"हे तर मलाही कळलं," ती म्हणाली. "मग ह्यांना त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

बावट्याचा नियम होता, हुकूम नव्हता, होडी सुटली होती, असं काहीही काकांना म्हणता आलं असतं. चौकशीच्या साहेबांना ते सगळं म्हणून झालं होतं. समोर धाकट्याची बायको उभी होती, आणि काकांना खोटं बोलवेना.

"लोक हसतील म्हणून," ते म्हणाले.

ती वळली आणि धक्क्याकडे चालत गेली. होडीपाशी तिचा मुलगा दोर धरून थांबला होता, आजूबाजूला आठ-दहा जण काय होतंय ते बघत होते. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हणाली, "काका म्हणतात, दहात एकदा येतं. आज येणार नाही असं कुणीही म्हणत नाहीये. वारा दक्षिणेचा झाला तर लगेच, नाहीतर दोनच्या आत फीर."

मुलानं मान हलवली. कुणीही हसलं नाही.